पाच घरं, सव्वीस अक्षरं: हवा तो इंग्रजी शब्द कसा शोधायचा

माझी आत्या मिरजेला असते. वय एकाहत्तर, सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. सकाळचा चहा झाला की ती मोबाइलवर वर्डल उघडते, आणि साडेसातच्या आत तिचे हिरवे-पिवळे चौकोन घरच्या ग्रुपवर येऊन पडतात. तीन वर्षांपूर्वी मी तिला हा खेळ दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, माझं इंग्रजी कच्चं, मला कुठून एवढे शब्द यायचे?" आज ती बहुतेक दिवशी चौथ्या प्रयत्नात शब्द काढते.

या तीन वर्षांत तिचा शब्दसंग्रह थोडाफार वाढला, पण खरा फरक पडला तो कुठलं अक्षर कुठल्या घरात बसतं हे बघायची सवय लागल्यामुळे. पाच अक्षरी शब्द शोधणं हे पाठांतराचं काम नाही असं मी अनुभवाने सांगतो. इंग्रजी स्पेलिंगला स्वतःचा एक सांगाडा आहे, आणि तो मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही पंधरा दिवसांत ओळखता येतो. आत्याला जे टप्प्याटप्प्याने सांगितलं तेच इथे लिहितो.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक गुप्त पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. तुम्ही शब्द भरला की प्रत्येक अक्षराला रंग येतो. हिरवा म्हणजे अक्षर आहे आणि त्याच घरात आहे. पिवळा म्हणजे अक्षर आहे, पण दुसऱ्या घरात. करडा म्हणजे ते अक्षर शब्दात नाही. या शेवटच्या नियमाला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

आधी यादी ओळखा

हा खेळ जॉश वॉर्डल या वेल्समध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 निघतात, पण त्यातले कितीतरी शब्द कुणी जन्मात वापरत नाही. पलकने ती सगळी यादी नजरेखालून घातली आणि ओळखीचे शब्द वेगळे काढले. त्यातून उत्तरांची मूळ यादी उरली 2,315 शब्दांची. ऑक्टोबर 2021 मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. त्यानंतर यादीत बदल होत गेले, पण तिचा स्वभाव तोच राहिला.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण तिने भीती जाते. उत्तर हे नेहमीच्या वापरातल्या शब्दांतूनच येणार आहे. बुद्धिबळाचा बोर्ड, ब्रेड, ट्रेन, क्लास, टेबल, नर्स, पेपर, बाथरूमचा ब्रश असे शेकडो पाच अक्षरी शब्द आपण मराठी बोलताना दिवसभर वापरतो. अडचण एवढीच की आपण ते देवनागरी कानाने ऐकतो. 'ट्रेन' आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, स्पेलिंगमध्ये तो टी-आर-ए-आय-एन असा पाचांचा आहे.

यादीचा दुसरा स्वभाव: नुसता एस लावून केलेलं अनेकवचन सहसा उत्तर नसतं. पुस्तकं, झाडं, गाड्या अशा अर्थाचे शब्द प्रयत्न म्हणून चालतात, उत्तर म्हणून नाही. मूळ यादीत एसने सुरू होणारे शब्द 366 आहेत, एसने संपणारे फक्त 36, आणि तेही क्लास, ब्रास, व्हायरस, फोकस, केऑस असे. त्यामुळे शेवटच्या घरात एस टाकायची सवय मोडा.

कागद घ्या

खरंच घ्या. मनात ठेवायला गेलं की पिवळी अक्षरं निसटतात. पाच चौकोन काढा आणि खाली तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत पक्की अक्षरं आपापल्या घरात. दुसऱ्या ओळीत पिवळी अक्षरं, आणि प्रत्येकाच्या पुढे ते कुठल्या घरात *नाही* तो आकडा. तिसऱ्या ओळीत बाद अक्षरं.

दुसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. नवखे खेळाडू पिवळं अक्षर बघून 'हे आहे' एवढंच लक्षात ठेवतात आणि 'हे इथे नाही' हे विसरतात. टी चौथ्या घरात पिवळा आला, तर पुढच्या प्रयत्नात तो पुन्हा चौथ्या घरात टाकणं म्हणजे हातची माहिती फेकून देणं. आत्याने पहिल्या महिन्यात सर्वाधिक प्रयत्न इथेच घालवले. आता तिच्या वहीत प्रत्येक पिवळ्या अक्षराखाली चुकीच्या घराचा आकडा असतो, आणि त्यावर छोटी फुली.

पहिला शब्द

मूळ यादीतल्या सगळ्या शब्दांची अक्षरं मोजली तर ई 1,233 वेळा येतो, ए 979, आर 899, ओ 754, टी 729. त्यामागे एल, आय, एस, एन. तळाला झेड, एक्स, क्यू, जे. अक्षरं मोजायची ही युक्ती जुनीच आहे. अक्षरं जुळवून शब्द करायच्या स्क्रॅबल या खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी 1930 च्या दशकात वर्तमानपत्राची पानं समोर ठेवून अक्षरं मोजली होती. म्हणून स्क्रॅबलच्या पिशवीत ई बारा असतात आणि क्यू एकच.

पहिला शब्द म्हणजे वरच्या फळीतली पाच वेगवेगळी अक्षरं, आणि शक्यतो ज्याच्या त्याच्या आवडत्या जागी. स्लेट, म्हणजे आपली पाटी, एस-एल-ए-टी-ई, या कसोटीला फार छान उतरतो: एस सुरुवातीला, ई शेवटी. क्रेन, सी-आर-ए-एन-ई, तितकाच चांगला. न्यूयॉर्क टाइम्सच्या विश्लेषण करणाऱ्या बॉटने आधी क्रेनची शिफारस केली, पुढे स्लेटची. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या दिमित्रिस बर्त्सिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव्ह यांनी 2022 मध्ये संगणकाकडून सगळ्या शक्यता तपासून घेतल्या, तेव्हा पहिला आला सॅलेट, एस-ए-एल-ई-टी. तो जुन्या काळातल्या शिरस्त्राणाचा शब्द आहे. त्याने सुरुवात केली आणि पुढेही बिनचूक खेळलं, तर सरासरी 3.421 प्रयत्न लागतात. सॅलेट आणि स्लेट यांतली अक्षरं तीच पाच आहेत हे बघा.

पुष्कळ जण अड्यू, ए-डी-आय-ई-यू, या शब्दाने सुरू करतात, कारण त्यात चार स्वर आहेत. मला हे पटत नाही. स्वर तर जवळपास प्रत्येक शब्दात असणारच, एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतो तो व्यंजनांनी. एस, टी, आर, एल, एन यांपैकी किती आहेत हे आधी कळलं की वाट लवकर मोकळी होते.

एक शब्द ठरवा आणि रोज तोच वापरा. रोजच्या वापराने त्या शब्दाचे रंग तुमच्या ओळखीचे होतात, आणि पुढचा शब्द हाताशी येतो.

जोड्या: खरी चावी

आपण जोडाक्षरांच्या भाषेत वाढलो, आणि त्याचा इथे मोठा फायदा आहे. स्ट, प्र, क्ल, ट्र, ब्र, ग्र, फ्ल, स्प हे उच्चार आपल्या जिभेवर बसलेले आहेत. इंग्रजी पाच अक्षरी शब्दांची सुरुवात फार वेळा अशीच होते: दोन व्यंजनं, मग स्वर. म्हणजे दुसऱ्या घरात आर किंवा एल हिरवा झाला, तर पहिल्या घरात बी, सी, एफ, जी, पी यांपैकी कोण बसतं ते जोडाक्षर म्हणून उच्चारून बघा. आरबरोबर डी आणि टीसुद्धा बसतात, एलबरोबर नाही. ड्ल, ट्ल अशी सुरुवात इंग्रजीत नाही. कान लगेच सांगतो.

एच दिसला की तो एकटा आहे असं समजू नका. बहुतेक वेळा त्याच्या डाव्या हाताला जोडीदार असतो: सी, एस, टी, पी, डब्ल्यू किंवा जी. च, श, थ, फ हे आपले चार साधे उच्चार, इंग्रजीत त्यांना दोन घरं लागतात. त्यामुळे एच दुसऱ्या घरात असेल तर चेअर, शार्प, थिंग, फोन, व्हाइट यांच्यासारखे शब्द. शेवटच्या घरात असेल तर बीच, ब्रश, टीथ यांच्यासारखे. मधल्या घरातला एच विरळा.

क्यू आला की पुढे यू लिहूनच टाका. सी-के ही जोडी बहुधा शेवटी येते आणि तिच्या आधी एकच ऱ्हस्व स्वर असतो: ब्लॉक, ट्रिक, चेक, ट्रक. व्ही हे अक्षर नेहमीच्या शब्दात शेवटी जवळपास येतच नाही, त्याच्यामागे बहुधा ई असतो, म्हणून व्ही चौथ्या घरात असेल तर पाचव्यात आधी ई तपासा: नर्व्ह, कर्व्ह, ग्लव्ह, सॉल्व्ह.

शेवटच्या घराकडे वेगळं लक्ष द्या. मूळ यादीत 424 शब्द ईने संपतात आणि 364 वायने. दोन्ही मिळून एक तृतीयांश यादी झाली. पार्टी, हॅपी, एम्प्टी, डेली, स्टडी. म्हणजे ई शेवटी नाही हे कळलं तर वाय तपासणं हे पुढचं स्वाभाविक पाऊल. आणि पाचही स्वर बाद झाले तरी घाबरू नका, तेव्हा वाय स्वराचं काम करतो: निम्फ, क्रिप्ट, जिप्सी, पिग्मी, ट्रिस्ट.

मराठी कान कुठे फसवतो

आपल्याला 'व' एकच आहे, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू दोन. उच्चार 'व' असेल तर दोन्ही तपासा. 'क' साठी सी, के, सी-के, सी-एच, क्यू एवढ्या जागा आहेत. 'झ' ऐकू आला तरी स्पेलिंगमध्ये बहुधा एस असतो, झेड क्वचित. नोज, चीज, प्लीज उच्चारून बघा, तिन्हीत झेड नाही.

मूक अक्षरं ही दुसरी जागा. नाइफमधला के, राइटमधला डब्ल्यू, थंबमधला बी, नाइटमधले जी आणि एच. हे शब्द कानाने कधीच सापडत नाहीत. त्यांची छोटी यादी वहीच्या मागच्या पानावर करा, ती पानभरसुद्धा होत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या शाळेची. आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो. कलर, फेव्हर, ह्यूमर यांत आपण यू घालतो आणि मग ते शब्द सहा अक्षरी होतात. अमेरिकेत यू नसतो, ते पाचात बसतात. जानेवारी 2022 मध्ये फेव्हर आणि फेब्रुवारीत ह्यूमर उत्तर म्हणून आले तेव्हा इंग्लंडमधले खेळाडू चांगलेच चिडले होते. ओ-आर शेवटी दिसला की यू नसलेलं रूप आठवा.

एक डाव, सुरुवातीपासून

आत्याच्या वहीतलाच एक डाव घेतो.

पहिला प्रयत्न स्लेट. एस, एल, ए करडे. चौथ्या घरातला टी पिवळा, पाचव्यातला ई पिवळा. आता ई शेवटी नाही आणि टी चौथा नाही. आत्याने दुसरा शब्द टाकला टेनर, टी-ई-एन-ओ-आर. निवड उत्तम होती. टी आणि ई नवीन घरांत तपासले गेले आणि ओ, एन, आर ही तीन मोठी अक्षरं एकदम आत आली.

निकाल: एन आणि आर करडे. टी, ई, ओ तिन्ही पिवळे. फोन करून म्हणाली, "अरे, एकही हिरवा नाही रे." मी म्हटलं, "अगं आत्या, घरं मोज." टी चौथ्यात नाही, पहिल्यात नाही, उरली दुसरं, तिसरं, पाचवं. ई पाचव्यात नाही, दुसऱ्यात नाही, उरली पहिलं, तिसरं, चौथं. ओ फक्त चौथ्यात नाही. ई चौथ्यात आणि टी पाचव्यात ठेवला की शेवट ई-टी असा होतो, टिकेट, मार्केट, पॉकेटसारखा. आणि ओ दुसऱ्यात बसवला की चित्र तयार: रिकामं, ओ, रिकामं, ई, टी.

आत्याला लगेच सुचला कॉमेट, धूमकेतू. सी, ओ, ई, टी हिरवे, फक्त मधला एम करडा. आता तिसऱ्या घरात काय? आतापर्यंत न वापरलेली अक्षरं उरली होती सोळा. आत्याला दुसरा शब्द ठाऊकच नव्हता. तिने बीपासून एकेक अक्षर त्या घरात टाकायला सुरुवात केली. शब्द अस्तित्वातच नसेल तर खेळ तो स्वीकारत नाही आणि प्रयत्नही मोजत नाही, ही सोय फार लोकांच्या लक्षात येत नाही. बी नाही, डी नाही, एफ नाही. असं करत ती व्हीपर्यंत आली आणि पाचही घरं हिरवी झाली. सी-ओ-व्ही-ई-टी, कव्हिट. दुसऱ्याच्या वस्तूची हाव धरणे. अर्थ तिने नंतर शब्दकोशात बघून वहीत लिहिला. माहीत नसलेला शब्द तिने चौथ्या प्रयत्नात काढला होता. हा मार्ग मला पूर्ण प्रामाणिक वाटतो. शब्दकोश चाळतानाही आपण याहून वेगळं काही करत नाही.

दुबार अक्षर

जवळपास एक तृतीयांश उत्तरांत एखादं अक्षर दोनदा येतं, आणि शोध अडला की कारण बहुधा तेच असतं. चार वेगवेगळी अक्षरं सापडूनही पाचवं मिळत नसेल, तर सापडलेल्यांपैकीच एक पुन्हा टाकून बघा. ई, ओ, एल, एस, टी यांची दुबार हजेरी नेहमीची.

आता तो अपवाद. वरच्याच डावात आत्याने कॉमेटऐवजी ऑक्टेट, ओ-सी-टी-ई-टी, टाकला असता, तर पाचव्या घरातला टी हिरवा आणि तिसऱ्यातला टी करडा झाला असता. त्या करड्याचा अर्थ 'टी नाही' असा होत नाही, 'दुसरा टी नाही' असा होतो. म्हणून एकाच शब्दात तेच अक्षर एकदा हिरवं किंवा पिवळं आणि एकदा करडं दिसलं, तर ते बाद ओळीत लिहू नका. 'एकदाच आहे' अशी नोंद करा.

सापळा

चार घरं हिरवी झाली की माणूस खूश होतो, आणि खरा घोटाळा इथेच होतो. आय-जी-एच-टी हा शेवट घ्या. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, आणि स्पेलिंगने एटसुद्धा. ओ-यू-एन-डीचंही तसंच: बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, वूंड. ए-टी-सी-एचचे बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. एकेक करत गेलात तर सहा प्रयत्न पुरत नाहीत.

उपाय असा. समजा स्लेटमध्ये फक्त टी पिवळा आला, मग माइट टाकला आणि मागची चार घरं हिरवी झाली. उरले फाइट, नाइट, राइट, टाइट. आता हिरवी अक्षरं बाजूला ठेवा आणि तिसरा प्रयत्न फ्राउन, एफ-आर-ओ-डब्ल्यू-एन, या शब्दावर खर्च करा. हा शब्द उत्तर नाही हे माहीत आहे. तो चौकशीसाठी आहे. एफ रंगला तर फाइट, आर रंगला तर राइट, एन रंगला तर नाइट, काहीच नाही तर टाइट. चौथा प्रयत्न पक्का.

प्रयत्न 'वाया घालवायला' मन तयार होत नाही, हे मी आत्यातही पाहिलं आणि स्वतःतही. नियम सोपा ठेवा: उरलेले शब्द तीन किंवा जास्त आणि फरक फक्त एका घराचा, तर चौकशीचा शब्द टाका. दोनच उरले असतील तर सरळ त्यातला एक टाका. खेळात कठीण पातळी सुरू केलेली असेल तर हा मार्ग बंद होतो, कारण तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात. त्या पातळीवर दुसऱ्याच प्रयत्नात असा शेवट पक्का करू नका. आधी पुढची व्यंजनं तपासून घ्या.

शब्दकोडं, परीक्षा आणि इतर लांबी

चार किंवा सहा अक्षरी शब्दांना हीच रीत लागू पडते. सहा अक्षरी शब्दात ई-डी, ई-आर, आय-एन-जी हे शेवट आणि आर-ई, यू-एन या सुरुवाती आधी बघायच्या. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात अनेकवचनं चालतात, म्हणून तिथे शेवटचा एस पहिल्यांदा तपासा. एखाद्या अक्षरसमूहातून शब्द बनवायचा असेल, तर अक्षरं ओळीत लिहू नका. गोलात लिहा. ओळीत लिहिलेली अक्षरं डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो. गोलात मांडली की जोड्या सुटून दिसतात.

अगदीच अडलं तर इंटरनेटवरच्या काही शब्दकोशांत रिकाम्या घरासाठी प्रश्नचिन्ह टाकून शोधता येतं. कव्हिटसाठी सी, ओ, प्रश्नचिन्ह, ई, टी असं लिहायचं. हे मी डाव संपल्यावर वापरतो, आणखी कुठले शब्द बसले असते ते बघायला. डाव चालू असताना वापरलं तर शोधायचं काही उरतच नाही.

आत्याच्या वहीत आता दोन रकाने आहेत. डावीकडे त्या दिवशीचा शब्द, उजवीकडे त्यातली जोडी: एस-एच-आर, क्यू-यू, एन-के. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिने वही पुढे केली आणि एन-केच्या खालचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले: बँक नाही, तो चारच अक्षरी, ब्लँक, ड्रिंक, थँक, ट्रंक, पँक... शेवटचा खोडला, आणि त्याच्या जागी प्लँक लिहिला.